मुलीला गाव दाखवलं तेव्हा

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, नळ आणि संडास सार्वजनिक, पहाटे गिरणीचा भोंगा. नळावर भांडणं रोजची. पण ती हंडा आधी कुणी लावला यावरून, हंडा बाटला म्हणून नव्हे. चौदा एप्रिलची मिरवणूक निघाली की सारा देश आपलाच वाटे. १९७४च्या जानेवारीत याच वरळीत दंगल पेटली, तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. तरीही शाळेत प्रतिज्ञा म्हणताना आम्ही कधी अडखळलो नाही.

खटाव तालुक्यातला आमचा चुलतभाऊ मात्र त्याच वयात वेगळा देश शिकत होता. शाळेत त्याला पाणी वरून ओतून मिळे. त्याचा देश गावकुसाबाहेर संपायचा, आमचा तिथून सुरूच व्हायचा नाही.

थोरल्या मुलीच्या जात पडताळणीची वेळ आली आणि हे दोन देश समोरासमोर आले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. १९९०च्या केंद्रीय कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीत स्थान मिळालं, पण कागद शोधायचा तो आजोबा-पणजोबांच्या महार असण्याचाच! चाळीतल्या भाडेपावत्या पुरेनात. शेवटी मुलीला घेऊन गावी गेलो. तहसील कचेरीत तीन खेपा झाल्या, तेव्हा कोतवाल बुकाचा उतारा हाती आला. आमच्या वडिलांच्या जन्माची नोंद : बापाचं नाव, जात, गाव. आडनाव नाही.

संध्याकाळी चुलतीने मुलीला जुनी विहीर दाखवली. "हितं हुबं ऱ्हायचं, बाय. कुणी दया केली तर वतायचं. न्हाय तर दुपार व्हायची." मुलीने नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. ती बराच वेळ काठावर उभी राहिली. मग एवढंच विचारलं, "आजी, तुला राग नाही आला?" चुलती हसली. रागाला सवड कुठं होती, म्हणाली.

योगायोग असा की बाबासाहेब लहानपणी १९०१ साली निघाले होते ते याच तालुक्यातल्या गोरेगावला. वडील रामजीबाबा तिथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनवर मुलं महाराची आहेत हे कळताच कुणी गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं, तेव्हा एक जण तयार झाला. पण बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचं! जवळ शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

पुढे त्यांनी परळच्या चाळीतही दिवस काढले, न्यूयॉर्क-लंडनही पाहिलं. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत काही सभासद खेड्याचे गोडवे गात असताना, मसुद्याने खेडं नव्हे तर माणूस हा घटक धरला याचं बाबासाहेबांनी उघड समाधान मानलं. गावाचं कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती तहान सोसली होती? आम्हीही सोसली नव्हती, हे त्या विहिरीवर कळलं.

प्रमाणपत्र मिळालं, प्रवेशही झाला. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. मुलीने मात्र त्या उताऱ्याची झेरॉक्स जपून ठेवली आहे. आजोबांच्या नावापुढे तिने पेन्सिलीने आमचं आडनाव लिहिलं आहे.