मुकुट वाचणारे प्राध्यापक

स्नेहसंमेलनात राजाचं नाटक बसवायचं ठरलं की आधी काय शोधता? मुकुट! तो सोनेरी कागदाचा असला तरी चालतो. डोक्यावर चढला की रोजचा बंड्या एकदम 'महाराज' होतो. ही जादू कागदाची नाही बरं का, बघणाऱ्यांच्या मनातली. मुकुट, राजदंड, सिंहासन ही सगळी सत्तेची प्रतीकं.

या प्रतीकांचा जन्मभर अभ्यास केला अर्न्स्ट कांटोरोविच या इतिहासकारांनी. १८९५ साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गाव पोझेन, तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे.

मध्ययुगातल्या युरोपात राज्याभिषेक चर्चमध्ये होई. बिशप राजाला पवित्र तेल लावत. तेव्हा राजाची सत्ता समजायची तर चर्चचा इतिहास वाचायलाच हवा! कांटोरोविच यांनी प्रार्थना, कायद्याचे ग्रंथ, जुनी चित्रं असं सारं बारकाईनं तपासलं. १९५७ साली त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. नावाचा अर्थ 'राजाची दोन शरीरे'.

दोन शरीरं कशी? सोपं आहे. वर्गाचा मॉनिटर बदलतो, पण मॉनिटरपद राहतंच ना? तसंच राजाचं एक शरीर आपल्यासारखं, मरणारं. दुसरं राजपदाचं, न मरणारं. चर्च स्वतःला ख्रिस्ताचं शरीर मानी. माणसं येतात-जातात, चर्च राहतं. कायदेपंडितांनी हाच विचार उचलून राजाला लावला. १५४७ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस वारला, तेव्हा त्याचा मुकुट घातलेला पुतळा ठेवून त्याच्यापुढे काही दिवस रोज जेवणाची ताटं मांडली गेली!

पण हे सगळं नुसतं पुस्तकात राहिलं नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि कांटोरोविच यांना फ्रँकफुर्ट विद्यापीठातलं शिकवणं सोडावं लागलं. १९३८ साली देशही सुटला. पुढं ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवू लागले. तिथं १९४९ साली फर्मान निघालं : आपण कम्युनिस्ट नाही, अशी शपथ प्रत्येक प्राध्यापकानं घ्यावी. कांटोरोविच कम्युनिस्ट मुळीच नव्हते. तरुणपणी तर ते कम्युनिस्टांविरुद्ध लढले होते. तरी त्यांनी साफ नकार दिला!

का? ते म्हणत, न्यायाधीश, धर्मगुरू आणि प्राध्यापक हे तिघं झगा घालतात. झगा ही शोभेची वस्तू नाही. तो घालणारा आपल्या सदसद्विवेकबुद्धीला जबाबदार असतो, ही त्याची खूण आहे. नोकरीची भीती घालून त्याच्याकडून शपथ घेतली, तर त्या झग्याला अर्थ काय उरला?

१९५० साली नोकरी गेली. पण १९५१ मध्ये प्रिन्स्टनच्या नामवंत संशोधन संस्थेनं त्यांना बोलावलं. १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानंही शपथ नाकारणाऱ्या प्राध्यापकांच्या बाजूनं निकाल दिला. १९६३ साली प्रिन्स्टनलाच कांटोरोविच वारले.

आता तुमच्या शाळेतला मॉनिटरचा बिल्ला आठवा. तो लावणाऱ्याला काय काय करता येतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यानं काय करायलाच हवं आणि काय कधीच करू नये, याचीही एक यादी वर्गात मिळून करून बघा.