फिजिक्सचा स्लो-मोशन फंडा

बारावीला फिजिक्समध्ये ४१ मार्क्स पडले आणि आमच्या घरात ‘इंजिनीअरिंग’ हा शब्द कायमचा बंद झाला. मग मास कॉम. त्यामुळे पुण्यात नववीला सायन्स शिकवणारी मैत्रीण ‘क्लास बघायला ये गं’ म्हणाली, तेव्हा मी सॉलिड टाळाटाळ केली.

शेवटी गेले. टेबलावर फक्त एक मोबाइल, सेकंदाला २४० फ्रेम्सवर लावलेला. भिंतीला मोजपट्टी, वरून सोडला रबरी बॉल. पोरांनी दर चोविसाव्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाला, बॉल किती खाली आला ते मोजलं. आधी साधारण ५ सेंटीमीटर, मग १५, मग २५. एक, तीन, पाच! गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून हेच शोधलं होतं. मी नुसतं सूत्र घोकलं होतं.

आयडिया तशी जुनी. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने स्ट्रोब वापरून टिपलेला दुधाच्या थेंबाचा प्रसिद्ध मुकुट १९५७ चा. त्याला लॅब लागली; आपल्या तर खिशातच कॅमेरा (आणि आपण काढतो कॉफीचे फोटो!).

मग जत्रेत मिळते ती रंगीत स्प्रिंग. वरून धरून लोंबकळत ठेवली नि सोडली. खालचं टोक कधी पडेल? ‘लगेच!’ सगळे ओरडले. मीही. स्क्रीनवर वरची वेटोळी खाली येतायत आणि खालचं टोक हवेत जागच्या जागी! हात सुटल्याची खबर तिथवर पोचेपर्यंत त्याला वरची ओढ तेवढीच असते.

“मॅडम, परत लावा ना,” मागच्या बाकावरून आवाज आला. तीनदा लावलं. चौथ्यांदा मी सांगितलं.