ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टकटक करतो तेव्हा

लातूर-नांदेडच्या काळ्या रानात कुठेही चालणारं वाहन म्हणजे ट्रॅक्टर. ऐन सोयाबीनच्या काढणीत तो सुरू झाला नाही, की पहिला संशय बॅटरीवर जातो. पुष्कळदा ती निर्दोष असते!

उलगडा मल्टीमीटर करतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची चांगली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली. आकडा टिकला आणि सेल्फ नुसता टकटकला, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारावा. गिअर न्यूट्रल आणि ब्रेक लावलेला हवाच. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर दोष अर्थिंगचा: बोल्टवर सुकलेला चिखल, त्याखाली गंज. बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासावा.

इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं मात्र घातक. त्याने वायरिंग पेटू शकतं. उसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे गेले, तर आधी जोडणीचा प्लग आणि ट्रॉलीची अर्थ वायर तपासावी.