शिल्लक किती उरते?

आमच्या मुर्ध्यातून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे काही मुलेमुली धावतात. त्यांत माझी सोळा वर्षांची नातही असते. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली, ही गोष्ट तिला मीच सांगितलेली.

गेल्या वर्षी नात म्हणाली, "आजोबा, सर म्हणतात, वजन दोन किलो उतरलं तर वेळही उतरेल." तिने रात्रीची भाकरी सोडली. मी तिच्या निग्रहाचे कौतुक केले!

पावसाळ्यात तिच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. डॉक्टरबाईंनी पाय तपासला आणि विचारले, "पाळी कधी आली होती?" चार महिने झाले होते. सूनबाईला ते ठाऊक होते, पण 'धावणाऱ्या मुलींचं असं होतंच' असे कुणीतरी सांगितले होते आणि शर्यतींच्या दिवसांत ती सोयच वाटली होती.

जन्मभर बँकेत खातेवह्या तपासल्यामुळे डॉक्टरबाईंचा हिशेब मला चटकन समजला. खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि चरबी सोडून उरणाऱ्या वजनाने भागायचे. समजा, मुलीने १८०० उष्मांक खाल्ले, ७०० धावण्यात गेले आणि चरबीविना वजन ४० किलो आहे, तर किलोमागे उरले साडेसत्तावीस. ४५च्या आसपास असावेत. ३०च्या खाली धोका वाढतो. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, पण इशारा नक्कीच. शिल्लक आटली की शरीर खर्चाला कात्री लावते. पाळी थांबते, हाडांची भरती मंदावते. वजनकाटा मात्र कित्येकदा हलतही नाही, म्हणून नुसत्या वजनावर हे दुखणे सापडत नाही.

ते विचारूनच सापडते. २०१४ साली परदेशातील संशोधकांनी खेळाडू स्त्रियांसाठी पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. दुखापती, पचन आणि पाळी, एवढेच तिचे विषय. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सांगितले की, ही ऊर्जेची तूट मुलग्यांनाही होते. प्रश्नावलीने निदान होत नाही. कुणाला डॉक्टरांकडे न्यायचे, एवढे कळते. पाळी थांबण्याची दुसरी कारणेही तिथेच तपासली जातात. तीन महिने पाळी चुकली, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर थांबू नये. हाडांची बचत याच वयात होते. पुढे ती भरून काढणे कठीण.

नातीचे धावणे काही आठवडे बंद राहिले. भाकरी परत आली, सरावाआधी केळे आणि नंतर अंडी आली. तिसऱ्या महिन्यात पाळी आली.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता एक लाल टिंब असते. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा संकोचाने मी नजर फिरवली होती. आता महिना उलटला की मीच सूनबाईला विचारतो.