बेंडिंग मशीन घेताना टनाचा हिशेब

नागापूर किंवा सुपे एमआयडीसीत पत्राकामाचे वर्कशॉप टाकू पाहणारे आमचे काही बांधव व्याजाचे कर्ज टाळून, साठवलेल्या पैशातून जुने प्रेस ब्रेक घेतात. मशीनवर '१०० टन' दिसले की बयाणा देऊन मोकळे! आमचे सांगणे, आधी हिशेब करा.

एम.एस. पत्र्याच्या मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करा. त्याला मीटरमधील लांबीने व ६५ने गुणून व्ही-डायच्या मिलिमीटर रुंदीने भागा. अंदाजे टन मिळतात. ३ मि.मी. पत्रा, लांबी अडीच मीटर, डाय २४ मि.मी.: ६१ टन. त्याच डायवर ६ मि.मी. घातला तर चौपट, २४४ टन! म्हणून डाय जाडीच्या आठपट, ४८ मि.मी. घ्यावी. तरीही १२२ टन लागतात, म्हणजे शंभर टनी मशीन अपुरेच. एस.एस.ला दीडपट धरा.

शिवाय हे शंभर टन लांबीवर विभागलेले असतात. फूटभर तुकड्यावर मधोमध तेवढा जोर दिल्यास बेड कायमचा वाकू शकतो. दोन खांबांमधले अंतरही टेपने मोजावे, ते बेडपेक्षा कमी असते.

सौद्यापूर्वी आपलाच पत्रा नेऊन पूर्ण लांबीचा बेंड काढावा आणि दोन्ही टोकांना व मध्ये कोन मोजावा. मध्ये कोन उघडा राहिला, तर बयाणा खिशातच ठेवावा.