नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१

आज वहीत एकच गुणाकार मांडा: १११११११११ × १११११११११. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, उलटी वाचली तरी तीच!

असं का होतं? उभ्या मांडणीत नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. बेरजेला कडेच्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, असं वाढत मधल्या रकान्यात नऊ. कुठेही हातचा येत नाही, म्हणून अंक ओळीने चढतात आणि उतरतात. दहा एक घेतले की मध्ये हातचा येतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१.

एकांच्या अशा वर्गांचा ध्यास घेतला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं.

आणखी एक गंमत. नऊ एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने त्या वर्गाला निःशेष भागही जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिलं.

याच वर्गाचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. म्हणजे एकूण विभाजक ४५.

घरातल्या मुलांना आज १११ आणि ११११ चे वर्ग कागदावर करायला द्या, आणि दोन्हींपैकी हर्षद कोणता ते कमेंटमध्ये नक्की लिहा!