लंडनचा सूर्यास्त आणि प्रवाशाचे ताट

विलायतेला निघालेल्या जैन कुटुंबाच्या सामानात खाकरे, मेथीचे ठेपले आणि सुकी चटणी यांचे डबे आधी भरले जातात. उबदार कपड्यांना उरलेली जागा मिळते. लंडनपुरते बोलायचे तर शाकाहारी अन्नाची चिंता तेथे फारशी उरलेली नाही. कसोटी लागते ती वेळेची.

मुंबई-पुण्याकडे सूर्यास्त वर्षभर साधारणपणे सहा ते सव्वासात यांच्या दरम्यान होतो. त्यामुळे रात्रिभोजनत्यागाचे वेळापत्रक अंगवळणी पडलेले असते. लंडनमध्ये २१ जूनच्या सुमारास सूर्य पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री ९.२०च्या पुढे मावळतो. डिसेंबरच्या मध्यास तोच सूर्य दुपारी चार वाजण्यापूर्वी दिसेनासा होतो. सूर्योदय आठच्या सुमारास आणि नवकारसी त्यानंतर ४८ मिनिटांनी, असा हिशेब मांडल्यास हिवाळ्यात भोजनास जेमतेम सात तास मिळतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास झालेला सूर्यास्त रविवारी पावणेपाचच्या आतच होतो. हे ठाऊक नसलेल्या प्रवाशास त्या संध्याकाळी उपाशी राहावे लागते किंवा नियम मोडावा लागतो. म्हणून हिवाळ्यात मुख्य जेवण दुपारी एकच्या सुमारास घ्यावे आणि फिरण्याचा क्रम त्याभोवती बांधावा.

दुसरी खबरदारी शब्दांची. ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे मांस-मासे वर्ज्य; अंडे तेथे चालते. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडातच रूढ झाला. त्यात अंडे नाही, दूधही नाही, परंतु कांदा आणि बटाटा असतात. ब्रिटिश कायद्यानुसार उपाहारगृहांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत अंडे येते, म्हणून त्याची खात्री करून घेता येते. कांदा, लसूण व बटाटा त्या यादीत नाहीत, ते स्वतंत्रपणे विचारावे लागतात. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच तयार करून वेष्टनात ठेवलेल्या सँडविचसारख्या पदार्थांवर सर्व घटक छापणे बंधनकारक आहे. चष्मा लावून ती बारीक अक्षरे वाचण्याचे श्रम सार्थकी लागतात.

पहिला दिवस यूस्टन स्थानकाच्या परिसरात घालवावा. स्थानकालगतची ड्रमंड स्ट्रीट ही जुन्या भारतीय उपाहारगृहांची गल्ली असून दिवाणा भेळपुरी हाऊस हे तिथले परिचित नाव. येथे एक साधे तत्त्व उपयोगी पडते. जो पदार्थ मागणीनंतर तयार होतो, त्यातून काही वगळता येते. भेळ कांदा-बटाट्याशिवाय कालवून मागता येते आणि डोसा भाजीविना मिळू शकतो. मात्र सकाळीच शिजलेल्या सांबारातून कांदा काढता येत नाही. चटणीतील लसणाचीही चौकशी करावी.

भोजनोत्तर यूस्टन रोडवर यावे. वेलकम कलेक्शनच्या संग्रहात विसाव्या शतकाच्या आरंभी दोन हजारांहून अधिक जैन हस्तलिखिते जमा झाली. थोड्या अंतरावरील ब्रिटिश लायब्ररीकडेही जैन हस्तलिखितांचा मोलाचा ठेवा आहे. अशी हस्तलिखिते नित्य मांडलेली नसतात. तरीही दोन्ही वास्तूंतील कायमची दालने विनामूल्य पाहता येतात. यूस्टनहून नॉर्दर्न लाईनने चॉक फार्म गाठले की १०, किंग हेन्रीज रोड हे घर जवळ येते. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. शेजारच्या प्रिमरोझ हिल टेकडीवरून लंडनचा विस्तार नजरेत भरतो. उन्हाळ्यात सोबतचा डबा येथे हिरवळीवर उघडावा. सूर्य मावळण्यास पुष्कळ अवकाश असतो.

दुसरा दिवस वायव्य लंडनचा. ॲल्परटन स्थानकाजवळील ईलिंग रोडवर भाजी, साड्या, मिठाई आणि फरसाणाची दुकाने ओळीने लागतात. ‘जैन’ हा शब्द येथे उलगडून सांगावा लागत नाही. साकोनीजसारख्या शाकाहारी उपाहारगृहात तो समजतो. नीझडन येथील १९९५ चे स्वामिनारायण मंदिर संगमरवरी कोरीवकामासाठी पाहण्याजोगे आहे. समोरच्या शायोना उपाहारगृहात कांदा-लसूण वापरत नाहीत. ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळील सोहो स्ट्रीटवरच्या राधाकृष्ण मंदिराचे गोविंदाज हेही तसेच. परंतु कांदा-लसूण नसलेले ताट जैन असतेच असे नाही. बटाटा आणि गाजर त्यात असू शकतात. वृद्ध मंडळींची गफलत बहुधा येथेच होते. केंटन येथील देरासरचे दर्शन याच फेरीत घडते.

तिसरा दिवस पॉटर्स बारसाठी राखावा. किंग्ज क्रॉसहून आगगाडीने तेथे जाता येते. पुढे थोडा रस्ता मोटारीने. ओसवाल समाजाचे विस्तीर्ण केंद्र व २००५ मध्ये प्रतिष्ठा झालेले शिखरबंद देरासर हिरव्या परिसरात उभे आहे. जामनगरजवळच्या हालार प्रदेशातून ही कुटुंबे व्यापारासाठी पूर्व आफ्रिकेत गेली आणि १९६० ते ७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये आली. दोनदा देश बदलूनही त्यांनी पूजा आणि पाकशुद्धी सोडली नाही. भोजनाची सोय त्या दिवशी आहे किंवा नाही, हे आधी विचारून घ्यावे.

सामानाविषयी एक सूचना. भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे; पेढे-बर्फी घरीच ठेवावी. खाकरे मात्र जरूर न्यावेत, कारण गाडी चुकते आणि हिवाळ्यातला सूर्य कोणासाठी थांबत नाही. खिशात दोन कागद असावेत. एकावर वर्ज्य पदार्थांची नावे स्वच्छ इंग्रजीत आणि दुसऱ्यावर मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाची सूर्यास्ताची वेळ. एवढी तयारी असली की सत्तरीतले आई-वडीलही मुलांवर भार न होता लंडन पाहू शकतात आणि त्यांचा नियमही अखंड राहतो.